सूत्रधाराचा पडदा

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात किंवा रंगमंचावर सोडतात तसला नव्हे. मी पुठ्ठ्याचा आहे. दीड वीत उंचीचे चार पुठ्ठे कापडी पट्ट्यांनी एकमेकांना जोडले आणि मी झालो. मला टेबलावर उभे केले की माझ्यामागे एका माणसाचे हात, त्याचे कागद आणि त्याने टाकलेले फासे झाकले जातात. एवढेच माझे काम. ऐकायला किरकोळ वाटते. पण या किरकोळ कामापायी एका घरात काय काय घडले, ते मला सांगायचे आहे.

माझा जन्म एका बाइंडिंगच्या दुकानात झाला. तिथे सगळीकडे खळीचा वास भरून असे. वाचनालयाची फाटकी पुस्तके, कचेऱ्यांची जाडजूड रजिस्टरे आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध गठ्ठ्यांनी रचलेले असत. एका मोठ्या नकाशासंग्रहाच्या बांधणीतून उरलेले पुठ्ठे बाइंडरांनी बाजूला काढले, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि मला घडवले. त्यांच्या पत्नीने माझ्या बाहेरच्या अंगावर एक नदी रंगवली. पहिल्या पुठ्ठ्यावर समुद्र, मधल्या दोहोंवर वळणे, बेटे आणि गावे, आणि चौथ्यावर डोंगर. "आपली पोर थोडी मोठी झाली, की तिला घेऊन हा खेळ खेळू," असे त्या म्हणायच्या. पण त्या आजारी पडल्या, आणि चौथ्या पुठ्ठ्यावरचा डोंगर निम्मा पेन्सिलीचाच राहिला.

हा खेळ तुम्ही कदाचित पाहिला नसेल. यात पट नसतो आणि कोणी जिंकत नाही. एकजण सूत्रधार होतो. तो सांगतो, "समोर पूल आहे. पुलावर पहारेकरी बसलाय. तू काय करतेस?" खेळणाऱ्याने एकेक पात्र घेतलेले असते. त्या पात्राच्या वतीने तो उत्तर देतो. सहज होण्यासारखे असेल ते होऊन जाते. धोका असेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. मोठा आकडा पडला तर निभावले, लहान पडला तर फसले, आणि एक पडला तर सगळेच संपले.

आई गेली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी ठरत नसे. पण आई गेल्यावर ती बसली ती बसलीच. "हो", "नाही" आणि "नको" एवढ्या तीन शब्दांवर तिचे दिवस चालले होते. बाइंडरांनी परोपरीने करून पाहिले. शेवटी एका रविवारी दुपारी त्यांनी आपल्या बहिणीला, म्हणजे भिंगरीच्या आत्याला बोलावले. समोरच्या दुकानातल्या कुलूपवाल्यांनाही बोलावले. पुठ्ठे कापायचे टेबल पुसून मला मधोमध उभे केले.

"नदी आटत चाललीय," ते म्हणाले. "का आटतेय ते कोणालाच ठाऊक नाही. समुद्रापासून उगमापर्यंत जाऊन शोधायचंय. कोण कोण येणार?"

आत्या म्हणाली, "मी म्हातारी चोर होते. जन्मभर सरळ राहून कंटाळा आलाय."

कुलूपवाले सैनिक झाले. मग सगळे भिंगरीकडे पाहू लागले. कोणी घाई केली नाही.

"नावाडीण," ती म्हणाली.

पहिल्याच तासात नावाडिणीने बुडणाऱ्या एका करडासाठी डोहात उडी घेतली. डोहात मगर होती. सगळे फासे बाइंडरच टाकत, आणि माझ्या आड टाकत. त्यांनी फासा टाकला. तो घरंगळत माझ्या पायाशी येऊन थांबला. एक.

बाइंडरांचा हात फाशावरच राहिला. टेबलाच्या कडेवर हनुवटी टेकून पोर त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्या वर्षी त्या घरात "गेली" हा शब्द एकदा बोलून झाला होता. दुसऱ्यांदा तो त्यांच्या तोंडून निघेना.

"अठरा!" ते म्हणाले. "मगरीच्या जबड्यातून निसटलीस. करडूही वाचलं."

भिंगरी हसली. कितीतरी महिन्यांनी हसली. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या कामाचा फार अभिमान वाटला. खोटे कशाला बोलू?

मग दर रविवारी खेळ होऊ लागला. बाइंडरांच्या सूत्रधारीचे लोक कौतुक करत. त्यांची रीत मी आतल्या बाजूने पाहिली आहे. पुढे काय होणार हे ते कधी लिहून आणत नसत. कोणाला काय हवे आहे आणि त्याच्या आड कोण येते आहे, एवढेच चिठ्ठ्यांवर लिहून त्या माझ्या आतल्या अंगाला चिमट्याने लावत. पुलावरच्या पहारेकऱ्याला सर्दी आहे आणि त्याला घरी जायचे आहे. मिठाच्या व्यापाऱ्याला नदी आटलेलीच बरी वाटते. बाकी सगळे समोरच्यांवर सोपवलेले. कोणी कितीही वेडगळ बेत सांगितला तरी ते "छे, असं कसं होईल" म्हणत नसत. "बरं, होईल. पण..." म्हणत, आणि त्या "पण" मधून तासभराची गंमत निघे.

कुलूपवाले बोलताना अडखळत. गिऱ्हाइकांशी ते बोटांनीच बोलायचे. त्यांची पाळी आली की बाइंडर शेजारचे खळीचे पातेले उगाचच ढवळत बसत. आपण वाट बघतोय असे त्यांना वाटू नये म्हणून. दोन मिनिटे लागोत की पाच, खळ ढवळली जायची. आणि मग कुलूपवाले बोलत. त्यांचा सैनिक मेला, मग वैद्य मेला, मग ते राजदूत झाले. राजदूत म्हणून त्यांनी एकदा भर दरबारात अर्धा तास असे भाषण केले, की आत्याने शिवण बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. एकदाही अडखळले नाहीत.

सैनिक आणि वैद्य मेले ते खरेखुरे. म्हाताऱ्या चोराचा पाय गेला तोही खराच. त्यांचे फासे बाइंडर जसे पडत तसे वाचत. फक्त नावाडिणीचा फासा वाईट पडला की त्यांची नजर क्षणभर माझ्यावर ठरे, आणि तोंडातून दुसराच आकडा बाहेर पडे. दरवेळी नाही. जिथे तिच्या जिवावर बेतले, तिथेच. अकरा वर्षांत असे सहा वेळा झाले.

सहाव्या वेळी भिंगरी वीस वर्षांची होती. नावाडीण उंच कड्यावरून दोर धरून उतरत होती. भिंगरी चहाचा कप द्यायला उठली आणि माझ्यावरून हात लांबवला. त्याच वेळी फासा थांबला.

"सतरा!" बाइंडर म्हणाले.

कप तसाच तिच्या हातात राहिला. "बाबा, एक पडलाय."

"अगं, चुकून वाचलं..."

"तुम्ही चुकून वाचत नाही." तिने कप खाली ठेवला. "किती वेळा?"

बाइंडरांनी मान खाली घातली. माझ्या आड ते खोटे बोलू शकत होते. ती माझ्यावरून सरळ त्यांच्याकडे बघत होती, तेव्हा त्यांना ते जमले नाही. "सहा," ते म्हणाले.

"पहिली?"

"मगर."

तिने फासा उचलून मुठीत धरला. मग म्हणाली, "म्हणजे मी नऊ वर्षांची असतानाच ती मेली. अकरा वर्षं मी भूत खेळवतेय. शूर होते म्हणून वाचत नव्हते. तुम्ही वाचवत होतात म्हणून वाचत होते."

आत्या म्हणाली, "अगं, बापच तो. जीव तुटतो त्याचा."

"मग तुझा पाय गेला तेव्हा नाही तुटला?"

आत्याने शिवण पुन्हा हातात घेतली. कुलूपवाले हळूच म्हणाले, "म-मला वाटायचं, माझंच नशीब फुटकं." ते हसण्यावारी न्यायला गेले, पण कोणी हसले नाही.

महिन्याभरात भिंगरीला दुसऱ्या शहरात रक्ताच्या तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली. ती नोकरीसाठीच गेली असे सगळ्यांना सांगितले गेले. आठवड्यातून एकदा फोन येई. "जेवलात का?" "जेवलो. तू?" "हो." त्या घरात पुन्हा मोजक्या शब्दांवर दिवस निघू लागले.

बाइंडरांनी मला मिटले आणि कपाटावर जुन्या प्रबंधांच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिले. ते मला रागावले नव्हते. पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या आड एकही फासा टाकला नाही. रविवारी आत्या आणि कुलूपवाले येत, फासे उघड्यावर पडत आणि मी वरून नुसते आवाज ऐकत असे. धूळ साचली. कसर लागली. खळीच्या लोभाने ती माझ्या सांध्यांची पट्टी कुरतडू लागली. वापरात असताना माझ्या अंगाला कधी बोटभरही धूळ चिकटली नव्हती.

एकदा आत्याने विचारले, "दादा, नावाडिणीचं काय करायचं? पोर तर येत नाही."

"ती नावेत झोपलीय," बाइंडर म्हणाले. "तुम्ही वल्हवा."

चार वर्षे त्या दोघांनी तिला झोपेतच वाहून नेले. मैदाने संपली, खडक आले, पाण्याची नुसती धार उरली, तेव्हा नाव खांद्यावर घेतली. पण तिला वाटेत ठेवायचा विषय कोणी काढला नाही.

मग बाइंडरांचा आवाज बसला. आधी कोणाच्या लक्षात आले नाही, कारण गोष्टीत तेव्हा डोंगरातला राक्षस होता आणि त्याचा आवाज घोगराच होता. तिसऱ्या रविवारी आत्या म्हणाली, "दादा, राक्षस जाऊन आता गवळण आलीय. तिचा आवाज असा का?" दुसऱ्या दिवशी ती त्यांना ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. घशात गाठ होती. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली, आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. ज्यांनी पहारेकऱ्यापासून राणीपर्यंत शंभर माणसांना आवाज दिला, ते आता पाणी मागायलाही कागदावर लिहू लागले.

भिंगरी रजा काढून आली. दुकानाच्या मागच्या खोलीत तिने त्यांची खाट लावली. त्यांना भरवू लागली, घशाची जखम स्वच्छ करू लागली. जुन्या गोष्टीचे नाव दोघांपैकी कोणी काढले नाही. पुढे एका शनिवारी ती नव्या तपासणीचा कागद घेऊन आली. असे कागद ती रोज वाचत असे, त्यामुळे तिला समजावून सांगायला कोणी लागले नाही. आजार फुप्फुसात उतरला होता. दिवसच मोजायचे राहिले होते.

"रिपोर्ट चांगला आहे बाबा," ती म्हणाली. "थोडा अशक्तपणा आहे, इतकंच."

मग ती बाहेरच्या खोलीत आली, इकडेतिकडे बघितले आणि कपाटावरून मला खाली काढले. फडक्याने झटकले. खाटेजवळच्या मेजावर उभे केले. नव्या गोळ्यांची नावे आणि तो कागद त्यांच्या नजरेला पडू नये म्हणून सगळे माझ्यामागे मांडून ठेवले. मित्रांनो, चार वर्षांनी मी पुन्हा उभा राहिलो, आणि तोच मी, तेच काम. या वेळी मला अभिमान वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाइंडरांनी लिहिले, "ते दोघे येतील. खेळू या."

"आज नको. पुढच्या रविवारी. तोवर ताकद येईल."

दुपारी आत्या आणि कुलूपवाले आले, दारातच भिंगरीशी कुजबुजले आणि परत गेले. बाइंडरांनी ते पाहिले. तो आठवडा भिंगरी सारखी हसत होती. नको इतकी हसत होती. आणि बाइंडर नदीकडे बघत पडलेले असत, माझ्यावरच्या नदीकडे.

पुढच्या रविवारी सकाळी ते उशीला टेकून बसले. ती औषध मोजत होती. त्यांनी हात लांब केला, माझा एक पुठ्ठा मिटला, मग दुसरा, मग तिसरा. मागचा कागद उघडा पडला. तो त्यांनी उचलला नाही. स्वतःच्या कागदावर लिहिले आणि तिच्यापुढे धरले.

"किती पडलाय? खरं सांग."

भिंगरीने हातातला चमचा खाली ठेवला. "एक," ती म्हणाली. "बाबा, एक पडलाय." आणि त्यांच्या पायांवर डोके ठेवून ती ढसाढसा रडली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

त्यांनी तिला रडू दिले. मग लिहिले, "माझ्या तोंडून तो आकडा का निघत नव्हता, ते कळलं ना?" थोडे थांबून खाली आणखी एक ओळ लिहिली. "तरी चूक माझीच होती."

त्या दुपारी खेळ झाला. मला मिटून त्यांनी मांडीवर घेतले होते आणि माझ्यावर कागद ठेवून लिहीत होते. ते लिहीत, भिंगरी मोठ्याने वाचे. त्यांचे अक्षर आणि तिचा आवाज. पेन्सिलीचा दाब माझ्या अंगात उतरत होता.

नाव उगमाशी पोचली होती. डोंगराच्या पोटात एक दगडी दार होते आणि त्याला पाचर मारून कोणीतरी नदी अडवली होती. पाचर पाण्याखाली होती. बाइंडरांनी लिहिले आणि भिंगरीने वाचले, "नावाडीण जागी झाली. नावाडीण, तू काय करतेस?"

वाचून तिने कागद खाली ठेवला. मग ती म्हणाली, "मी पाण्यात उतरते. पाचर काढते."

बाइंडरांनी आधीच सगळे स्पष्ट लिहिले. पाचर निघेल, नक्की निघेल. पण फासा पंधराच्या खाली पडला तर ती वर येणार नाही. चालेल?

"चालेल," ती म्हणाली. फासा तिनेच टाकला, चौघांच्या देखत, चादरीवर. चार.

कुलूपवाल्यांना राहवेना. "बा-बाइंडर, आ-आता एकदा... वाचवा की तिला."

"काका, असू द्या," भिंगरी म्हणाली.

बाइंडर लिहायला लागले. बराच वेळ लिहीत होते. हात दुखला की थांबत, पुन्हा लिहीत. मग तिने वाचले:

"पाचर निघाली. दार उघडले. इतकी वर्षे अडलेले पाणी एकदम सुटले. नावाडिणीला आधी गारवा लागला आणि मग आवाज. ती घाबरली नाही. पाण्याखालून तिने वर पाहिले, तेव्हा आकाश हलताना दिसले. तिला वाटले, आता वल्हे मारायला नको, नाव आपोआप चाललीय. खाली गावागावांत लोक घरांतून बाहेर आले. कोणामुळे आले हे पाणी, ते त्यांना माहीत नव्हते. तिच्या दोन सोबत्यांना मात्र माहीत होते. ती वर आली नाही. फार शूर होती."

आत्याने पदर डोळ्यांना लावला. भिंगरी कागद छातीशी धरून बसली. बाइंडरांनी दुसरा कागद घेतला. "राजदूत, तू काय करतोस?"

कुलूपवाल्यांना बोलता येईना. राजदूत असताना ते कधी अडखळले नव्हते, त्या दिवशी अडखळले. "ना-नाव पाण्यात सोडतो. पा-पाण्याबरोबर खाली जातो. स-समुद्रापर्यंत. तिची गोष्ट सां-सांगत सांगत."

बाइंडरांनी मान डोलावली. ते फार दमले होते. त्यांनी लिहिले, "पुढचं पुढच्या रविवारी."

शुक्रवारी दुपारी ते गेले. भिंगरी त्यांचा हात धरून बसली होती आणि त्या पाच दिवसांत दोघे पुष्कळ बोलले होते. ती तोंडाने, ते कागदावर.

नंतर एका रविवारी तिघे जमले. कुलूपवाले सूत्रधाराच्या जागी बसले. "नाव समुद्राकडे चाललीय," एवढे म्हणाले आणि पुढे काही सुचेना. पाच मिनिटे गेली, दहा गेली. शेवटी आत्या म्हणाली, "राहू दे." म्हातारी चोर आणि राजदूत अजून त्या पुराच्या पाण्यातच आहेत. समुद्र त्यांना दिसला नाही. एकच रविवार कमी पडला.

दुकान आता बंद झाले आहे. भिंगरी मला आपल्या प्रयोगशाळेत घेऊन आली. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून मी तिच्या टेबलावर उभा असतो. माझा एक सांधा निसटला आहे आणि रंगाचे पापुद्रे निघतात, पण ती रोज सकाळी कोरड्या कपड्याने मला पुसते.

परवा एक गृहस्थ आपल्या पत्नीचा रिपोर्ट न्यायला आले. वाचून बाकावर बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "ताई, हिला दाखवायला दुसरा एखादा कागद मिळेल का? बरा असलेला? आत्ताच कशाला तिला... मी सांगेन नंतर सावकाश."

भिंगरी रागावली नाही. तिने त्यांना पाणी दिले आणि आपली खुर्ची त्यांच्या शेजारी ओढली. "मीही असंच केलं होतं," ती म्हणाली. "आठच दिवस. त्यांना खेळायचं होतं, मी पुढच्या रविवारी म्हटलं."

गृहस्थांनी पाणी संपवले. मग त्यांनी खरा कागद घडी करून खिशात ठेवला आणि गेले. घरी जाऊन त्यांनी काय केले ते मला ठाऊक नाही.

मित्रांनो, मी पुठ्ठ्याचा आहे, मला जास्त काय कळणार? माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून हात लावत जा, एवढे माझ्यासाठी करा. आणि तुमच्या घरातले कोणी आजारी असले, आणि त्यांनी खरे विचारले, तर त्यांच्याजवळ बसा आणि खरे सांगा. त्यांना काय करायचे राहिले आहे तेही विचारा. आणि ते त्याच दिवशी करा.